बाबांच्या कोटाचं तिसरं बटण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा सिनेमाची कंटिन्युइटी सांभाळणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता करून ठेवत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. डॉक्टरांनी खात्री करण्यासाठी विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?" मी म्हणाले, "मागच्या खेपेला तुमचं घड्याळ उजव्या हातात होतं, आज डाव्या हातात आहे." त्यांनी दाखला लिहून दिला.

यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी धाकट्या भावाला फक्त एक छत्री ठेवली होती, आणि तीही काडी मोडलेली.

माझा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सिनेमा तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट क्रमाने चित्रित होतो. माणूस आज दारातून बाहेर पडतो आणि रस्त्यावर पोचतो तीन आठवड्यांनी. तेवढ्यात त्याचा भांग, हातातली पिशवी, गालावरचा ओरखडा बदलता कामा नये. त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं हे माझं काम. ते मी चोख केलं.

कलम १. माझं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, गच्चीकडचा जिना आणि करकरणारं कपाट, माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला मिळावं. तिला सगळे चिमणी म्हणतात. ती आता चाळिशी ओलांडून गेली आहे, पण नाव काही मोठं झालं नाही. कपाट करकरतं म्हणून तिने तेल घालू नये. तो आवाज भावाच्या नि माझ्या सिनेमाच्या दुसऱ्या भागात कालयंत्राच्या दारासाठी वापरला आहे आणि पुढेही लागेल.

कलम २. बँकेतली शिल्लक स्टुडिओच्या कामगारांच्या दवाखान्याला द्यावी. माझ्या नावाची पाटी लावू नये. लावलीच तर सरळ लावावी.

कलम ३. माझं थांबघड्याळ आणि झटपट फोटोचा कॅमेरा चिमणीला. भिंग मात्र त्या समीक्षकाला, ज्याने पहिल्या भागानंतर छापलं होतं, "कंटिन्युइटीच्या बाई झोपल्या होत्या का?" त्यामुळे माझं नाव धंद्यात 'बटणबाई' पडलं, ते आजतागायत. भिंगाला मखमली पिशवी आहे. माझा राग आहे, पण मी हलकट नाही.

हे बटणाचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही.

आमचे वडील एका सकाळी कामावर गेले आणि कामावरच गेले. भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. मोठा झाल्यावर त्याने आणि मी मिळून एक गोष्ट लिहिली: वडील नदीत बुडून जातात, मुलगा मोठा होऊन कालयंत्र बनवतो, त्यांना वाचवायला मागे जातो आणि प्रत्येक वेळी थोडा उशिरा पोचतो. भावाने तिचा सिनेमा केला. चालला, म्हणून दुसरा भाग आला, तोही चालला. पहिल्या भागात वडील घाईघाईत घर सोडतात तेव्हा त्यांच्या कोटाचं तिसरं बटण तुटलेलं आहे, नुसता दोरा लोंबतोय. पुढच्या दृश्यात नदीकाठी तोच कोट पडलेला, आणि चारही बटणं जागच्या जागी. देह दाखवलाच नाही, कारण त्या दिवशी वडिलांचं काम करणारा नट तापाने फणफणला होता. बटण कसं आलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शूटिंगच्या आधी पाहिलं तेव्हा दोराच होता. पाहून मी नदीवर पुढे गेले, कोट मागच्या गाडीतून आला.

मग तिसरा भाग. भावाने मला न विचारता शेवट बदलला. मुलगा वेळेवर पोचतो, वडिलांना काठावरून ओढून घेतो, आणि शेवटी तो आपल्या काळात परततो तेव्हा दारात पिकल्या केसांचे वडील उभे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, बाबा बुडालेच नाहीत तर हा यंत्र कशाला बनवील? आणि यंत्र नाही तर त्यांना ओढलं कुणी?"

तो म्हणाला, "ताई, तुला बाबा हवेत की कंटिन्युइटी?"

मी म्हणाले, "दोन्ही."

तो उठून गेला. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही चिमणीमार्फत बोलतो. "आत्या, बाबा विचारताहेत तुझा गुडघा कसा आहे." "त्याला सांग, तिसऱ्या भागापेक्षा बरा आहे."

कलम ४. तिन्ही भागांच्या गोष्टीचा निम्मा हक्क माझ्याकडे आहे. माझ्या सहीवाचून चौथा भाग निघत नाही, हे भावालाही ठाऊक आहे आणि निर्मात्यालाही. निर्मात्याचा माणूस फुलं घेऊन आला होता. म्हणाला, "सगळं नव्याने सुरू करू. आधीचे तीन भाग झालेच नाहीत असं धरायचं." मी म्हटलं, "मग माझा गुडघाही झालाच नाही असं धरा, आणि मला जिन्यावरून पळत खाली सोडा." फुलं चांगली होती, ठेवून घेतली. हक्क दिला नाही. भावालाही देणार नव्हते. तीनही भाग माझ्याबरोबर संपू द्यावेत, असंच मनात होतं.

गेल्या रविवारी साक्षीदार होण्याची विनंती करायला मी कपडेपटातल्या जुन्या शिंपीमामांना बोलावलं. खुंटीवर तो सिनेमातला कोट होता, पहिल्या भागापासून तो माझ्याकडेच आहे. मामांनी चष्मा सावरला आणि म्हणाले, "अजून टिकलंय की! हे बटण मीच लावलेलं."

मी खुर्चीत बसले. "कधी?"

"नदीवर जाताना, गाडीत. म्हटलं, एवढा भला माणूस, तुटक्या बटणाने मरायला कसा पाठवायचा?"

"मामा, त्या बटणापायी माझी अब्रू गेली! तुम्ही सिनेमा पाहिला नाहीत?"

"कपडे पाहिले होते की. सिनेमा कशाला?"

मी आधी चिडले, मग हसले, आणि मग त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. तुटक्या बटणाने कसा पाठवायचा. सिनेमातही कुणाच्या तरी मनात हेच आलं असणार. घर सोडताना दोरा, नदीकाठी बटण. म्हणजे मधे तो माणूस घरी येऊन गेला.

तेव्हा भावाने नीट ऐकावं. तुझा तिसरा भाग चुकलेला नाही, अर्धा आहे. मुलाने वडिलांना वाचवलं. वडिलांना कळलं, की आपण आता घरी राहिलो तर हा पोरगा यंत्र बनवणार नाही आणि आपल्याला वाचवायला कुणी येणार नाही. म्हणून मुलगा शाळेत असताना ते घरी आले, आईला सगळं सांगितलं. आईने बटण लावून दिलं. त्यांनी कोट नदीकाठी नेऊन ठेवला आणि दूर जाऊन राहिले, मुलगा यंत्रात बसून निघेपर्यंत. दारातले पिकले केस तेच. बाबा वाचले आणि यंत्रही झालं. आपल्या तिन्ही भागांत आई फक्त चहाचे कप उचलते. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तिने मुलाला रडू दिलं. चौथा भाग तिचा आहे.

म्हणून माझा निम्मा हक्क आणि तो कोट धाकट्या भावाला. अट एकच: चौथ्या भागाचं पहिलं दृश्य सुईत दोरा ओवण्याचं असावं.

कलम ५. वकीलबाईंनी बजावलं, "हे सगळं तुमच्या पश्चात लागू होईल." मी म्हटलं, "आमच्या धंद्यात शेवटचं दृश्य आधी घेतात." तेव्हा कलम ४ मी हयातीतच अमलात आणते. हक्काचा वेगळा कागद आजच केला आहे. या मृत्युपत्राची एक प्रत चिमणी उद्या भावाला नेऊन देईल. मधेच तोडता येऊ नये म्हणून त्याला हे लिहून कळवते आहे. फोनवर त्याने पहिल्याच वाक्याला वाद घातला असता. कोट मात्र कुणाच्या हाती पाठवणार नाही. तो त्याने स्वतः येऊन न्यावा. बेल बिघडलेली आहे, दार वाजवावं.

तू विचारलं होतंस, बाबा हवेत की कंटिन्युइटी. माझं उत्तर बदललेलं नाही.

ठिकाण: माझं राहतं घर, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: आजचीच, मागची नाही, पुढची नाही.

(सही) ताई, आत्या, बटणबाई: तिन्ही मीच.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, माझ्यापेक्षा जास्तच.

साक्षीदार दुसरे: शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बटण मीच लावलं होतं. भाऊ कोट घालून बघणार असतील तर खांद्यात थोडा सैल करावा लागेल, मी येईन.