वरच्या बाथरूमचा कोरडा ट्रॅप

सूनबाई,

वरच्या बाथरूममधील दुर्गंधीचे कारण सापडले. जाळी काढून पाहिली. घाण अजिबात नाही; मात्र खालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारा वाकडा पाइप, ठणठणीत कोरडा आहे. त्यातले पाणी गटाराचा वास अडवते, आणि ते आटायला काही आठवडे वापर बंद असावा लागतो.

हे लक्षात आले आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. तू खालचे बाथरूम वापरतेस. वरचे एकट्या चिरंजीवांचे. “बाबा, ते रात्री उशिरा आले आणि पहाटेच आंघोळ करून कामावर गेले,” असे तू कालही म्हणालीस.

दोन बादल्या पाणी ओतले आहे, वास जाईल. मी त्यांच्या कारखान्यात चौकशीला निघालो आहे. तुझ्या सासूबाईंना काही बोललो नाही. तुझ्यावर राग नाही.

उद्यापासून आम्हाला दाखवायला त्यांचा डबा भरू नकोस.

— बाबा