मिशीतला संत्र्याचा वास

रविवार, लातूर

आज लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. डोकं अजून तरंगतंय. लेकीनं, सुमननं, स्वतः बनवलेली कडक बिअर चाखायला दिली. त्यात हॉप नावाची फुलं घालतात म्हणे. वास संत्र्याच्या सालीचा, चव पाडव्याच्या कडुलिंबाची.

"अण्णा, खरं सांगा, कशी हाय?"

तोंडून निघालं, "गुळाचा खडा दे की."

"लई कडू झाली म्हणा ना सरळ!" म्हणत ती बाटल्या घेऊन नांदेडला निघून गेली.

कडू होतीच. पण तिची आई होती तेव्हा पाडव्याला हातावर लिंबाची फुलं ठेवायची, मी गूळ मागायचो, ती हसायची. आज घोटाबरोबर ती समोर बसल्यासारखी वाटली. हे पोरीला का नाही सांगितलं? मिशीला अजून संत्र्याचा वास आहे. गाडी नीट गेली असेल ना?

सुमन, पोचल्याचं लवकर कळव गं. मला आवडली.