मागेच धावणारं इंजिन

प्रिय दादा,

फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं. तू मधेच अडवलं असतंस आणि मग माझ्याने पुढे बोलवलं नसतं. म्हणून लिहितेय. सावकाश वाच, आणि वाचताना वहिनींना जवळ बसव.

ओझरचा विमान कारखाना सोडल्यापासून माझ्या हातांना काम नाही, हे तुला माहीतच आहे. हर्षाली म्हणते, आई, तू मिक्सरसुद्धा बिघडायची वाट बघतेस. तर मागच्या महिन्यात झुंबरबाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात एक वाफेचं इंजिन दिसलं. हातभर लांब, पितळ आणि पत्र्याचं, वर काळ्या रंगाचे जाड थर. आत खरा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. कुणीतरी घरीच बनवलेलं होतं. मी ते घरी आणलं आणि किती तरी दिवस त्यातच रमले. बॉयलरचा क्षार काढला, गळणारी नळी झाळून घेतली, वाकलेला दांडा सरळ केला. पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा भर दुपार होती. वाफ धरली, चाकं हलली आणि इंजिन मागे गेलं. पुन्हा जागेवर ठेवलं, पुन्हा मागेच. उघडून पाहिलं तर दिशा बदलायची दांडी उलट्या बाजूला ओढून झाळकामाने कायमची बसवलेली. बिघाड नव्हता, दादा. बनवणाऱ्याला ते पुढे जायलाच नको होतं.

मग रंग काढायला घेतला. थिनर आणि जुना टूथब्रश. इंजिनाच्या मागच्या भागातल्या, पत्र्याच्या कोळशाच्या ढिगावरचा रंग निघाला तशी दोन माणसं वर आली, बोटाच्या पेराएवढी. एक मुलगा, त्याचा हात गळ्यात बांधलेला. शेजारी एक मुलगी, एका बाजूला वेणी, दुसऱ्या बाजूचे केस कानापर्यंत कापलेले. मी ब्रश खाली ठेवला. चिंचेवरून पडून तुझा हात मोडला होता आणि माझ्या केसांना डांबर लागलं म्हणून आईने अर्धे केस कापले होते, हे दोन्ही एकाच उन्हाळ्यात. त्याच उन्हाळ्यात अण्णा डबा घेऊन रेल्वेच्या इंजिन शेडवर म्हणून निघाले आणि परत आले नाहीत. आपल्याला तसं पाहिलेलं माणूस आता तुझ्या-माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

इंजिनाच्या पुढच्या बाजूचा रंग सगळ्यात जाड होता. तो काढायला मला धीर होईना, पण काढला. तिथे तशीच तिसरी आकृती उभी होती, एक लहान मुलगी. परकर-पोलकं, तोंड इंजिनाकडे, दोन्ही हात कानांवर. तिला मी ओळखत नव्हते. तरी ती ज्या खोलीत होती त्या खोलीत मला पाठ करून बसता येईना. शेवटी इंजिन फडक्यात गुंडाळलं आणि झुंबरबाईंना जाऊन विचारलं, कुणी आणून दिलं? त्या म्हणाल्या, "मनमाडचा म्हातारा हाय एक. पैसं नको म्हणला. म्हणला, घरात ठेवता येत नाय आता."

झुंबरबाईंनी सांगितलेली त्याची खोली मनमाडला सापडायला वेळ लागला नाही. स्टेशनमागे, आपल्या जुन्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर. दार उघडंच होतं. बाजेवर एक वाळलेला माणूस बसला होता. मी काही बोलायच्या आत माझ्या हातातल्या इंजिनाकडे पाहत त्याने विचारलं, "दांडी सोडवली नाहीस ना, ज्योत्स्ना?" आवाज म्हातारा झालाय, पण अण्णांचाच आहे. मी म्हटलं, नाही. "बरं केलंस," म्हणाले. "ती पुढ्यात उभी असते."

तुला आठवत असेल, ते जायच्या आधी अंकाईजवळ त्यांच्या गाडीखाली एक मुलगी आली होती. त्यांनी शिट्टी दिली होती, ब्रेक लावले होते, चौकशीत दोष कुणाचाच निघाला नाही. आपण लहान होतो, आपल्याला एवढंच कळलं की अण्णा जेवत नाहीत. शिट्टी ऐकून ती पळाली नाही, दादा. कान झाकून तिथेच उभी राहिली. तेव्हापासून ती त्यांच्यासोबत आहे, असं ते सांगतात. गुजरातेत गिरणीत काम केलं तिथेही होती. मी म्हटलं, अण्णा, तो भास असतो. ते माझ्या खांद्यामागे पाहत राहिले आणि म्हणाले, "हो, असेल." मी वळून पाहिलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मी विचारलं, एकदा तरी घरी का नाही आलात? तर ते आले होते. बारा वर्षं वाट पाहून आपण त्यांच्या नावाने पळसाच्या पानांचा पुतळा केला, गोदाकाठी जाळला, त्या दिवशी. मनमाडला उतरल्यावर त्यांना कळलं म्हणून तसेच नाशिकला आले आणि पलीकडच्या पायऱ्यांवर उभे राहिले. तुझं मुंडण त्यांनी पाहिलं. आईचं कुंकू पुसलेलं पाहिलं. तू कोणत्या रंगाचा सदरा काढून ठेवला होतास, तेसुद्धा त्यांनी मला सांगितलं. लेकाने क्रिया केली, आता मी कुठे यायचं, असं म्हणून ते मागे फिरले. मी त्यांना घेऊन आले आहे. पण ते माझ्या उंबऱ्याबाहेर बसून आहेत, कालपासून. ताट बाहेरच नेते. मेलेल्या माणसाला कुणी बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, म्हणतात, आणि माझं बोलावणं त्यांना चालत नाही. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, असा माणूस परत आला तर त्याचा नव्याने जन्म झाला असं धरून संस्कार करतात, आणि ज्याने अग्नी दिला त्यानेच पुढे व्हावं. पितृपक्ष तोंडावर आलाय. यंदा अण्णांचं पान वाढू नकोस, दादा. तू ये, दारात उभा राहा आणि त्यांना आत बोलाव.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
ज्योत्स्ना