करवतीखालची जागा

तुळजापूर, ता. ९ फेब्रुवारी १९४३

तीर्थरूप अक्का यांस,
ईरण्णाचा शरणार्थ. वि. वि.

इकडे ठीक. आपले अप्पा गेले त्याच्या महिन्याला येऊन तुम्ही सगळं निभावलंत, ते मी विसरणार नाही. तुमच्या शेंगापोळ्या पुरवून खातो आहे.

लाकडाच्या वखारीत मालकांनी अप्पांची मुकादमी मला दिली, आणि लगेच घोळ झाला. उंच लाकडी घोड्यावर ओंडका चढवला की जाफरभाई वर उभे राहून करवत ओढतात, धुळाप्पा खालून. भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यांत. जाफरभाई ओरडले की धुळ्या करवतीला लोंबकळतोय. धुळाप्पा मान खाली घालून ओढत राहिला. असं झालं की अप्पा दोघांच्या जागा बदलत, म्हणून मी सगळ्यांसमोर तसाच हुकूम केला. धुळाप्पानं करवत सोडली आणि घर गाठलं. मालक म्हणतात, सोमवारी दोघं एकत्र लागले नाहीत तर जाफरला काढा, तोंडाळ माणूस नको. ज्यांनी मला खांद्यावर खेळवलं, त्यांना मी काय सांगू?

पत्राची वाट पाहणारा,
ईरण्णा

जळकोट, ता. १२ फेब्रुवारी १९४३

चि. ईरण्णास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे भाऊजी म्हणाले, हा मुकादम झाला की फौजदार?

अप्पा जागा बदलत हे खरं, पण त्याआधीचं तू पाहिलं नाहीस. तू शाळेत, आणि डबा न्यायची मी. जाफरकाका ओरडत तेव्हा अप्पा मधे बोलत नसत. ओरडून झालं की काकांचा राग शिळा उरत नाही. धुळाप्पाचं उलट. त्याला चारचौघांत बोललं की तो आणखी आत जातो. अप्पा त्याच्या घरी जाऊन भाकरी खात आणि भांडणाचं नावही काढत नसत. जागा बदलायच्या तर खाली आधी स्वतः उतरत. तू तिसरीच तऱ्हा, बाबा. भांडणाची भीती वाटली की हुकूम देऊन मोकळा होतोस.

तुझी बायको शांतम्मा सांगत होती, अप्पा गेल्यापासून तू रडला नाहीस. जिवाला जप.

तुझी,
अक्का

तुळजापूर, ता. १६ फेब्रुवारी १९४३

तीर्थरूप अक्का यांस,
ईरण्णाचा शरणार्थ. वि. वि.

रविवारी धुळाप्पाकडं गेलो. त्याच्या कारभारणीनं, हरणाबाईंनी, भाकरी-ठेचा वाढला. आम्ही दोघं जवळपास बोललोच नाही. मला ते जड गेलं नाही, हे वाचून तुम्ही हसाल. निघताना एवढंच म्हणालो की उद्या खाली मी उभा राहणार.

सोमवारी करवतीखाली उतरलो. जाफरभाई वरून अप्पांचं नाव घेऊन ओरडत होते की गुरुसिद्धप्पाच्या पोराला शाळेनं अक्कल दिली, हात नाही दिले. मी ओरडू दिलं. एवढ्यात धुळाप्पा आला, वाकडा काप पाहिला, चांगलं सागवान नासलं म्हणून पुटपुटला आणि मला सरकवून मूठ धरली. जाफरभाईंनी डोक्याचा रुमाल सोडला आणि तोंडाला बांधायला खाली दिला. दुपारी दोघांनी आपणहून जागा बदलल्या. मालक दारापर्यंत आले, करवतीचा आवाज ऐकून परत गेले.

मी तोवर बाजूला बसलो होतो. भुशानं डोळे वाहायला लागले, ते थांबेनात. सगळे पाहू लागले, तशी जाफरभाईंनी हाळी दिली की मुकादमाच्या डोळ्यांत भुसा गेलाय, तुमच्या बापाचं काय जातंय, कामाला लागा.

अक्का, बरं वाटलं. तुमची माया अशीच वाट दाखवत राहो.

तुमचा,
ईरण्णा