सोडा, मी आणि विचारबाई

तीर्थस्वरूप मामा यांना साष्टांग नमस्कार. (लॉन्ड्रीत गठ्ठे उचलून कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त चार अंगांचाच समजावा.) मामींचा गुडघा आणि तुमचा स्वभाव, दोन्ही आता बरे असतील. बाबा मला घरी येऊ देतील का, असं मी विचारलं होतं. त्यावर ‘येऊ नकोस असं ते म्हणत नाहीत’ हा तुमचा निरोप फोनवर वाचला आणि जिवात जीव आला. मी शाळेला रामराम ठोकल्यापासूनचा त्यांचा अबोला संपला एकदाचा.

इकडे माझी कीर्ती दवाखान्यापर्यंत पोचली आहे. आमच्या मशीनवर मुकादमांनी स्वहस्ते लिहून चिकटवलंय, ‘रंगीत कपडे सोडा पांढरे कपडे टाका’. (स्वल्पविराम विकत आणावा लागतो असा त्यांचा समज असावा.) मी पडलो आज्ञाधारक. रंगीत कपडे टाकले, सोडा टाकला, पांढरे कपडे टाकले. तेव्हापासून दवाखान्यातले झाडून सगळे डॉक्टर गुलाबी कोटात फिरताहेत. एका पेशंटनं म्हणे विचारलं, लग्न कुणाचंय?

मालकांनी खरं तर मला हाकलायचं. पण ते शिकलेले, त्यांनी आम्हाला वाचायला शिकवायला एक बाई आणल्या. (आम्ही त्यांना विचारबाई म्हणतो.) बाईंचं म्हणणं, वाचताना आपलं डोकं काय करतंय यावर आपणच नजर ठेवायची. म्हणजे माझ्यावर मुकादमांची नजर होतीच, आता माझीपण. दर वाक्याला थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, मला काय कळलं, कशावरून कळलं, अडलं कुठे. मी म्हटलं, “बाई, मशीन चालू ठेवून थांबायचं की बंद करून?” मुकादम म्हणाले, “याला थांबायला शिकवू नका हो, तेवढं एकच येतं त्याला.”

तरी थांबलो. साबणाच्या पुड्यावर थांबलो, जिन्यातल्या पाटीसमोर थांबलो (मागून गठ्ठा घेऊन येणारा थांबला नाही). शेवटी त्या चिकटवलेल्या कागदासमोर थांबलो. आणि मामा, सांगायला जड जातं, पण बाईंचं खरं निघालं. दिवसभर हातात सोड्याचा डबा, म्हणून कागदावरही मला सोडाच दिसला. लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं, हातातलं वाचलं होतं. मुकादमांना हे सांगितलेलं नाही, उगाच खूश झाले असते.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, धाकटीला एक टपली.

तुमचा (आणि हल्ली स्वतःच्याही नजरेखालचा)
भाचा

ता. क. सवय लागली म्हणून तुमच्या निरोपावरही थांबलो. ‘येऊ नकोस असं ते म्हणत नाहीत.’ बरं, मग म्हणतात काय? ‘ये’ हा शब्द उलटसुलट शोधला, सापडला नाही. तो मीच घातला होता. बाबा चकार शब्द बोलले नसतील, तर तेही तुमच्या वाक्यात चपखल बसतं. तेव्हा त्यांच्याकडून एकच शब्द काढा, ‘ये’ नाहीतर ‘नको’. तुम्ही त्यात भर घालू नका.

ता. ता. क. शनिवारचं तिकीट पहिल्याच वाचनात काढून ठेवलंय. ‘नको’ म्हणाले, तर कळवायची घाई करू नका.