फिल्टर बदललास ना?

मोहने
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय मृणाल,

जय भीम. बरी आहेस ना? इकडे आई ठीक आहे, थंडीने तिचा गुडघा धरतो तेवढंच. तू मला ब्लॉक केलंयस म्हणून कागद घेतला. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच एवढं हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

माझं सगळं सात जानेवारीला बदललं. मंगळवार, सकाळी सव्वासात, विठ्ठलवाडीजवळचा चढ. तुमचा टेम्पो कल्याण मार्केटमधून टोमॅटो भरून निघालेला, तो चढावर बंद पडला आणि मागे घरंगळायला लागला. हँडब्रेक धरेना. गाडी रघुकाका चालवत होते, त्यांनी खाली उडी मारून चाकामागे दगड सरकवला. टेम्पो थांबला, पण त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली.

तेव्हापासून टेम्पो मी चालवतो. रघुकाकांच्या सीटवर, त्यांच्या बायकोने, गंगुबाईंनी शिवलेल्या उशीवर बसून. तुझे पप्पा खूश आहेत. हमालांना सांगतात, "शिकलेला पोरगा गाडीवर असला की टेन्शन नाही." कसला शिकलेला! डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला सरांशी भांडून निघून आलेला मी. पण दुर्गाडी किल्ल्यावर तू म्हणालेलीस, आठवतं? "महेंद्र, पप्पांना मी तुझं नेमकं काय सांगू?" ते वाक्य घेऊन मी दोन वर्षं फिरतोय. आता सांगण्यासारखं झालंय, आणि रोज सकाळी चावी फिरवताना मला ते नकोसं होतं. केबिनचं दार बंद केलं की वाटतं, आता हे उघडणारच नाही.

तू त्या दिवशी फोनवर विचारलेलंस, "गाडीत काही घातलेलंस का रे?" मी ओरडलो. संशय घेतेस, बापावर गेलीस, काय काय बोललो.

घातलेलं, मृणाल.

आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचं बायोडिझेल. फरसाणवाल्याकडचं वापरलेलं तेल आणून मी घरामागे बनवायचो. गाळून, धुऊन एकदम पिवळंधमक. सर म्हणायचे, जुन्या गाडीत थोडंच मिसळा. मी म्हणायचो, अर्धं अर्धं चालतं, तुम्हीच घाबरट आहात. त्यावरूनच वाजलं, बाटली आपटून निघून आलेलो. मग पाच तारखेच्या रविवारी तुमच्या यार्डात मी रघुकाकांना टेम्पो धुवायला मदत करत होतो, ते चहाला गेले आणि मी टाकीत पंधरा लिटर ओतलं. आता टाकीत निम्मं डिझेल, निम्मं माझं. महिनाभर गाडी नीट पळाली की पप्पांसमोर उभा राहून सांगणार होतो, बघा, हे मी केलंय, आता मृणालबद्दल बोलू.

सोमवारी रघुकाकांनी सायलेन्सरशी वाकून वास घेतला. "काय रे, गाडीला शेव-गाठी खायला घातल्यास की काय?" मी हसलो. तेही हसले.

हे इंधन जुन्या टाकीत गेलं की तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. इंजिनला डिझेल पोचत नाही. म्हणून सुरुवातीलाच फिल्टर बदलायचा असतो. मला हे माहीत नव्हतं, असं मघाशी लिहिलं होतं. तो कागद फाडला. माझ्या वहीत लाल पेनाने लिहिलंय, खाली दोन रेघा मारून. पण फिल्टर बदलायचा तर रघुकाकांना सांगावं लागलं असतं. आणि मला तुझ्या पप्पांसमोर एकट्यालाच उभं राहायचं होतं.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. मेकॅनिकने काळाकुट्ट फिल्टर दाखवला, म्हणाला, "भेसळ आहे." पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काका कुठे डिझेल भरतात, काय माहीत." एवढंच. बारा वर्षं गाडी चालवलेला माणूस त्या एका वाक्यावर घरी बसला. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ते माझ्याकडे बघत होते, पण एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, वाचलो, यांना कळलंच नाही.

काल त्यांच्या घरी गेलेलो. दारात मटार सोलत बसलेले, डाव्या हाताने.

"ये. गाडी कशी पळतेय?"

"बरी पळतेय, काका."

"फिल्टर बदललास ना?"

मी तिथेच पायरीवर बसलो.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"ती पोरगी बाजूला उभी होती रे. तिच्यासमोर तुझं काय राहिलं असतं?" मग एक शेंग माझ्या अंगावर फेकली. "आधी सांगितलं असतंस ना येड्या, तर दोघांनी मिळून बदलला असता. दहा मिनिटांचं काम."

आतून गंगुबाई ओरडल्या, "गाडी घेतली ती घेतली, माझी उशी तरी आणून दे म्हणावं त्याला!"

त्यांनी शिवी घातली असती तर मी उलटून भांडलो असतो. भांडायला मला येतं. हे मला येत नाही.

आज दुपारी पप्पांनी मला तुमच्याकडे जेवायला बोलावलंय. तुला माहीत असेलच, भाजीही तूच करत असशील. ह्या जेवणासाठी मी काय काय केलं ते वर लिहिलंय. मी बसायच्या आधी सांगणार आहे, तुझ्या हातचं पाणी घ्यायच्याही आधी. एकदा पाटावर बसलो की मी बसूनच राहीन, मला मी ठाऊक आहे. पप्पांनी हात उचलला तर मधे पडू नकोस. आणि दया येऊन ब्लॉक काढू नकोस. काकांची बोटं अजून वळत नाहीत.

हे पत्र तुमच्या शेजारच्या संचिताकडे देतोय, मी पोचायच्या आत ती तुझ्या हातात देईल. माझ्या पिशवीत लाल पेनाची ती वही आहे, टेम्पोची चावी आहे आणि उशी. आधी उशी पोचवतो, मग तुमच्याकडे.

आई विचारतेय, जेवायला चाललास तर नवा शर्ट का नाही घातलास? तिला आल्यावर सांगेन. निघतो. दार लावून घेतो.

टाकीत ओतणारा,
महेंद्र