दोन दांड्यांचं मशीन

पाइन फोर्क, ओहायो
१८ एप्रिल २००६

ती. वन्सं यांना नेडीनचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. शिवाय यातलं निम्मं तुमच्या भावासमोर बोलण्यासारखं नाही.

आमचं गवत कापायचं जुनं मशीन अखेर वारलं. हिवाळाभर ते शेडमध्ये पडून होतं, उंदरांनी त्याच्या वायरी खाल्ल्या. तुमच्या बंधुराजांनी तीन दिवस त्याच्याखाली झोपून काढले आणि मग ते मशीन पहिल्यापासूनच भिकार होतं असं जाहीर केलं. ते त्यांनीच निवडलं होतं, हे मी बोलले नाही. मनात म्हटलं.

शनिवारी नवीन बघायला गेलो. गेलो म्हणजे हे पुढे आणि मी पर्स सांभाळत मागे. दुकानदाराला मी विचारलं की आमच्या घरामागे थेट ओढ्यापर्यंत उतार आहे, तर ओल्या गवतावर यातलं कोणतं धरून राहील. प्रश्न माझा, पण त्या शहाण्याने उत्तर दिलं ते ह्यांच्याकडे बघून. मला नंतर विचारलं की बाईंना हिरवं आवडतं की लाल. मी म्हटलं, मला ओढ्यात न जाणारं आवडतं. यावर तो हसला. मी विनोद केलाय असं त्याला वाटलं.

एक छोटं मशीन होतं, गाडीसारखं स्टीअरिंगचं. पायाने पेडल दाबलं की पुढे, सोडलं की उभं. मी बसून दुकानाच्या आवारात एक चक्कर मारली आणि मला ते मनापासून आवडलं. मग हे बसले. बसले आणि सरळ जाऊन खताच्या पोत्यांवर आदळले! एक पोतं फुटलं, आवारातली माणसं पोट धरून हसली. हे लालबुंद होऊन उतरले, म्हणाले की हे पेडल बाहुल्यांसाठी केलंय, माणसांसाठी नाही. तिथून तडक गेले ते त्या अवाढव्य मशीनकडे, ज्याला स्टीअरिंगच नाही, दोन हातांत दोन दांडे धरायचे आणि ते जागच्या जागी गर्रकन फिरतं. शेजारच्या रॉयसकडे अगदी तेच आहे, मग काय, विषय संपला. रॉयसचं अंगण ताटासारखं सपाट आहे, हे सांगायला गेले तर मला यंत्रातलं कळत नाही असं ऐकून घ्यावं लागलं.

वन्सं, तुमचं ते थोडं तरी ऐकतात. दोन शब्द लिहा. गोड नकोत.

तुमची माया आहेच, ती उतू जाऊ देऊ नका, पण आटूही देऊ नका.

तुमची
नेडीन

---

लिंकन, नेब्रास्का
२६ एप्रिल २००६

चि. सौ. नेडीनला ओपलचे आशीर्वाद, आणि तिच्या नवऱ्याला काही नाही.

पत्र वाचलं. नवल वाटलं नाही. डेल्बर्ट सहा वर्षांचा असताना पाद्र्यांच्या मुलाची मोठी सायकल बघून आला आणि तसलीच पाहिजे म्हणून धान्याच्या कोठारावर चढून बसला. पाय टेकत नव्हते तरी तीच हवी. दुसऱ्याच्या दारातलं लोखंड बघितलं की आमच्या भावाच्या अकलेला पाय फुटतात आणि ती निघून जाते. आता अडुसष्टाव्या वर्षी रॉयसची बरोबरी करायची आहे. करू दे. रॉयसला डोक्यावर केस आहेत, ते कुठून आणणार म्हणावं?

खरं सांगू? मला तुम्हा लोकांचं ते गवत-वेडच कळत नाही. उगवलं की कापायचं, कापलं की पुन्हा उगवायची वाट बघायची, आणि मध्ये शेजाऱ्याचं किती वाढलंय ते पडद्याआडून मोजायचं. गाय पाळली असतीत तर निदान चहाला दूध झालं असतं.

आणि तूही काही कमी नाहीस. चव्वेचाळीस वर्षं त्याच्या मागे पर्स धरून चालतेस आणि मला लिहितेस. दुकानदार तुझ्याकडे बघत नाही, कारण तू बघू देत नाहीस. आवडलं होतं ना छोटं? मग घ्यायचं, आणि याला म्हणायचं, बस पोर्चवर.

हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव. सायकलचा भाग दोनदा. साखरेच्या गोळ्या घेतो का, तेही विचार. मी विचारलं की विषय बदलतो.

माझा लोभ आहे म्हणून एवढं तोंड वाजवते, हे समजून असावे.

तुझी
ओपल

---

पाइन फोर्क
४ मे २००६

ती. ताईस डेल्बर्टचा नमस्कार.

नेडीनने तुझं पत्र वाचून दाखवलं, सायकलचा भाग तीनदा. दोघींची करमणूक झाली असेल तर आता मुद्द्याचं ऐक. मशीन आलं. दोन दांड्यांचंच आलं. ट्रकमधून उतरवताना रॉयस कुंपणाला टेकून बघत होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझ्या मशीनचं पातं त्याच्यापेक्षा रुंद आहे.

तुम्हा बायकांना वाटतं मी रॉयसला जळवायला घेतलं. यात पाय लावावाच लागत नाही, सगळा कारभार हातांत. एवढं साधं कारण आहे, पण ते समजून घ्यायला यंत्राची जाण लागते. ते छोटं खेळणं नेडीनने एवढं डोक्यावर घेतलं होतं, जणू त्यावर बसून चर्चला जाणार होती.

आज पुढचं अंगण कापलं. पट्टे असे सरळ, की रस्त्यावरच्या दोन गाड्या हळू झाल्या. उताराचं मला कोणी शिकवू नये. तो उतार मी हे घर घेतल्यापासून कापतोय, मला त्याची नाही, त्यालाच माझी भीती आहे. शनिवारी तोही उरकतो.

गोळ्या घेतो. तब्येत उत्तम. विषय संपला.

तुझी जीभ आणि गुडघे दोन्ही चालते राहोत, निदान गुडघे.

डेल्बर्ट

---

पाइन फोर्क
९ मे २००६

ती. वन्सं यांना नमस्कार. वि. वि.

आधीच सांगते, ते जिवंत आहेत. आता सावकाश वाचा.

शुक्रवारी रात्रभर पाऊस झाला. शनिवारी सकाळी मी म्हटलं, गवत वाळू द्या. ते म्हणाले, तू बीन्स वाळतात की शिजतात ते बघ. मी बीन्सचा गॅस कमी करून खिडकीशी उभी राहिले. पहिली फेरी नीट गेली. दुसरीला वळले तशी मागची चाकं गुळगुळीत झाल्यासारखी सरकली आणि ते अख्खं धूड ह्यांना घेऊन, पाठ ओढ्याकडे करून, खाली निघालं. दांडे हातात होते, पण दांड्यांचं ऐकायला चाकांखाली जमीन लागते ना! मी ओरडलेसुद्धा नाही. ओढ्याच्या काठचा जुना सिकॅमोर नसता तर ते मशीन उलटून ह्यांच्या अंगावर पडलं असतं. झाडाला अडकून थांबलं. मी धावत पोचेपर्यंत हे घोटाभर पाण्यातून, पडक्या कुंपणाच्या फळ्यांवरून चालत वर येत होते आणि झाडाला शिव्या देत होते.

रॉयसने ट्रॅक्टर आणून मशीन ओढून काढलं. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मग त्याला जेवायला थांबवलं. बीन्स आणि मक्याचा पाव वाढला. तुमचे बंधू बोलत होते: गवत असं होतं, पाऊस तसा होता, कंपनीने चाकं अशी द्यायला हवी होती. मी संतापाने भांडी आदळत होते. एवढ्यात रॉयसचा चमचा थांबला. तो टेबलाखाली बघत होता. मला वाटलं, बिटाच्या लोणच्याचा रस सांडला. रस नव्हता, वन्सं. ह्यांच्या उजव्या बुटातून रक्त येत होतं, फरशीवर थाळीएवढं पसरलं होतं, आणि हे पावाला लोणी लावत चाकांबद्दल बोलत होते.

बूट काढायला गेले तर निघेना. तळव्यातून आरपार खिळा गेला होता. कुंपणाच्या फळीचा तुकडा खिळ्याला धरून तसाच बुटाखाली. तेवढ्यावर चालत ते घरापर्यंत आले होते. मी विचारलं, दुखत नाही का हो? तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रॉयसकडेही नाही. लोण्याकडे बघत म्हणाले, नाही.

दवाखान्यात सगळं बाहेर आलं. साखरेने पायाची संवेदना गेली आहे, उजव्याची पार आणि डाव्याची निम्मी. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून. दुकानात ते पोत्यांवर का आदळले ते आता कळलं. पाय पेडलवर आहे की नाही हेच त्यांना कळत नव्हतं. सगळे हसले, त्यात मीही होते. मग हातांनी चालणारं मशीन बघून त्यांना हायसं वाटलं असणार, आणि आपण दोघींनी दोन पत्रं भरून त्यांच्या बरोबरीच्या हौसेची टर उडवली. पण वन्सं, माझा राग त्याने कमी होत नाही, वाढतो! कारण हा माणूस थँक्सगिव्हिंगपासून मला शेजारी बसवून ट्रक चालवतोय. ब्रेक त्याच पायाने दाबतात ना? मी दवाखान्याच्या दारात त्यांच्या खिशातून किल्ली काढून घेतली. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

उद्या पायाची एक-दोन बोटं काढतील म्हणतात. सडणं वर चढणार नाही अशी आशा आहे. तुमच्या वडिलांचंही असंच झालं होतं का? हे मला कधी नीट सांगत नाहीत.

आता तुम्हीच काय ते लिहा. मला सुचत नाही.

तुमची
नेडीन

---

पाइन फोर्क
२ जून २००६

ती. ताई,

दोन बोटं गेली. अंगठा राहिला. डॉक्टर पोरसवदा आहे, पण हात बरा आहे. अण्णांचा पाय गुडघ्यापासून गेला होता, त्या मानाने मी स्वस्तात सुटलो. ते कसे खुर्चीत बसून राहिले होते ते तुला आठवतं. मलाही आठवतं. म्हणून बोललो नाही. एवढंच, आणि याच्यावर पुन्हा लिहायचं नाही.

इकडची बातमी म्हणजे मशीन परत दिलं नाही. मी दे म्हटलं होतं, ते छोटं आण म्हटलं होतं. नेडीन म्हणाली, आता मला हेच हवं. पहिल्या दिवशी तिने टपालपेटी पाडली. दुसऱ्या दिवशी गुलाबांचा एक वाफा छाटला, मुळासकट. मी पोर्चवर पाय वर करून बसतो आणि डावीकडे, डावीकडे असं ओरडतो. तिने कानांवर ते मोठे आवाजबंद लावलेले असतात. काल माझ्या लक्षात आलं की मशीन बंद केल्यावरही ती ते काढत नाही. पट्टे असे, की सापाने आखले असावेत. पण उताराकडे ती फिरकत नाही. वरच्या कडेला दोरी बांधली आहे आणि त्याच्यापलीकडचं गवत सोडून दिलंय, कमरेएवढं वाढलंय. रॉयस विचारत होता, तसंच ठेवणार का. मी सांगितलं, हो, आमचं तसं ठरलंय. आमचं काहीच ठरलं नव्हतं. पण त्याला कशाला सांगा?

ट्रकही तीच चालवते. प्रेतयात्रेच्या वेगाने. मी शेजारी बसतो आणि उजवा पाय, उरलाय तेवढा, खाली दाबत राहतो. तिला ते दिसतं.

आता मुख्य कारण, ज्यासाठी हे लिहितोय. तुझं मागचं पत्र. ताई, त्यात एकही शिवी नाही. मला शूर म्हटलंयस. माझ्यासाठी रोज प्रार्थना करतेस असं लिहिलंयस. शेवटी 'लाडक्या भावा' आहे. ते वाचून माझे हातपाय गार पडले, म्हणजे जे पडू शकतात ते. मी मेलोय आणि मला कोणी कळवलेलं नाही असं वाटलं. नेडीनलाही तेच वाटलं, तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली.

असं करू नकोस. नेहमीसारखं लिही.

डेल्बर्ट

---

लिंकन
७ जून २००६

गाढवा,

तू शूर नाहीस. शूर माणूस बायकोला सांगतो. तू आपला पाय साडेपाच महिने मोज्यात लपवलास, शाळेचं प्रगतिपुस्तक चड्डीत लपवायचास तसा, आणि तेव्हाही सापडलाच होतास. साधी टेकडी कापता येत नाही आणि म्हणे यंत्राची जाण. पातं रुंद, डोकं चिंचोळं. त्या बिचाऱ्या झाडाला तू शिव्या दिल्यास असं नेडीन लिहिते. जाऊन त्याची माफी माग, कुबड्यांवर जा. गुलाब मेले ते बरं झालं, तू लावलेले होते.

मी पंधराला बसने येते आहे. महिनाभर राहीन. तुझ्या ताटात काय पडतं ते मी बघणार आहे, आणि रडायचं असेल तर मी येण्याआधी उरकून घे, मला चालत नाही. स्टँडवर येताना गाडी नेडीनलाच चालवू दे. ती हळू चालवते म्हणतोस, मग दोघं वेळेवर निघा.

ओपल